सातवा फर्मा

माझ्या मावशीनं आयुष्यात पुष्कळ रहस्यकादंबऱ्या वाचल्या आणि त्यातली एकही पूर्ण वाचली नाही. प्रत्येक पुस्तकाची सोळा पानं तेवढी तिची. सत्त्याण्णव ते एकशेबारा. त्याच्या आधीचं आणि नंतरचं तिनं दुसऱ्यांच्या तोंडून ऐकलं. मी शाळेत शिकवते, तेव्हा मधलंच पान वाचून उत्तर ठोकून देणारे मला नवीन नाहीत. पण मावशीचं तसं नव्हतं. तिला पगारच त्या सोळा पानांचा मिळत होता.

ती पुस्तकबांधणीच्या कारखान्यात होती. छापखान्यातून मोठाले कागद यायचे, एकेका कागदावर सोळा पानं. त्याला फर्मा म्हणतात. त्या कागदाला तीन घड्या घातल्या की सोळा पानांची लहानशी वही होते आणि अशा वह्या एकावर एक रचून शिवल्या की पुस्तक. लांबलचक टेबलाभोवती अकरा बाया बसत. पहिलीनं पहिल्या फर्म्याच्या घड्या घालायच्या, दुसरीनं दुसऱ्याच्या, असं अकरावीपर्यंत. फर्म्यांची सरमिसळ होऊ नये म्हणून मालकानं लावलेली ही शिस्त. तिचा परिणाम असा झाला की बायांची नावं गेली आणि आकडे राहिले. मावशी सातवी. रस्त्यात कुणी "काय गं सातवी" म्हणून हाक मारली की मी लहानपणी शरमेनं मान खाली घालायचे, कारण मला वाटायचं ही सातवीत नापास झाली आणि गावभर झालं.

कारखान्यात वाचायला बंदी होती. "हात चालवा, डोळे नको," असं मालक म्हणायचा. पण डोळ्यांना काय झापडं बांधणार? दिवसात हजार वेळा तोच कागद हाताखालून जायचा. एका घडीला एक ओळ उचलली तरी जेवणाच्या सुट्टीपर्यंत सोळा पानं तोंडपाठ. त्यातून घडी घालण्याआधी कागदावर निम्मी पानं उलटी असतात, म्हणून सगळ्या बाया उलटं वाचण्यात पटाईत झालेल्या. मावशी आजही बसमध्ये समोरच्या माणसाचं वर्तमानपत्र वाचून काढते आणि त्यानं पान फिरवलं की "थांबा हो" म्हणते. मी खिडकीबाहेर बघत बसते.

दर तीन महिन्यांनी त्या गाजलेल्या मालिकेतली नवी कादंबरी यायची. हातात घेतली की खाली ठेववत नाही, असं लोक सांगत. परवा त्याच पुस्तकांची नवी आवृत्ती निघाली, तिच्या पाठीवर 'पेज-टर्नर' असं छापलंय. मावशीनं मला अर्थ विचारला. मी म्हटलं, "पुढचं पान उलटल्याशिवाय राहवत नाही असं पुस्तक."

"आमचं पुढचं पान शेजारणीकडे असायचं," ती म्हणाली.

म्हणूनच जेवणाच्या सुट्टीत डबे उघडले की बाया फर्म्याच्या क्रमानं बसत. पहिलीनं सुरुवात करायची. बिचारीच्या वाट्याला कायम हवापाणी आणि घराचं वर्णन, त्यामुळे तिचं कुणी नीट ऐकत नसे. दुसऱ्या-तिसऱ्या फर्म्यात मुडदा पडायचा. मग एकेकीनं आपापला फर्मा सांगत जायचं आणि अकरावी आली की तिचा तोरा काय वर्णावा! सगळे संशयित तिच्या फर्म्यात एका खोलीत गोळा झालेले असत, गुप्तहेर घसा खाकरत असे, आणि तिथं अकरावा फर्मा संपायचा. शेवट पुढच्या आठ पानांत. तो अर्धा फर्मा या टेबलावर येतच नसे.

अर्धा फर्मा आधी कापावा लागतो. तो मागच्या खोलीत कटिंग मशिनवर जायचा, आणि तिथल्या तिथं घड्या घालून, गठ्ठे बांधून, थेट शिलाईला. शेवट बाहेर फुटला तर पुस्तक कोण घेणार, म्हणून मालकानं ही तजवीज केली होती. "शेवट सांभाळायला माझ्याकडे पक्का माणूस आहे," असं तो छापखान्यातल्यांना मिशीवर ताव देऊन सांगायचा. तो पक्का माणूस म्हणजे कटिंगमास्तर.

मास्तर उंच, हडकुळा, कानावर पेन्सिल आणि खिशात मोजपट्टी. बोलणं मोजून मापून. जेवताना तो बायांकडे पाठ करून, मशिनच्या दाराशी बसायचा. समोर शेवटचा फर्मा उघडून ठेवलेला आणि डबा मांडीवर. बायांचा जीव त्या कागदात अडकलेला. त्यांनी गोड बोलून बघितलं, टोमणे मारून बघितले, अकरावीनं तर डब्यातलं निम्मं जेवण देऊ केलं. मास्तर ढिम्म. शेवटी सगळ्यांनी मावशीला पुढे केलं. "सातवी, तू विचार. तुझ्याशी तो 'हं'च्या पलीकडे बोलतो."

मावशीनं विचारलं. मास्तरनं तिच्याकडे बघितलं, मग कागदाकडे बघितलं आणि म्हणाला, "शनिवारी सांगतो."

शनिवारी सुटताना, हात धुवायच्या नळापाशी त्यानं तिला पहिला शेवट सांगितला. मग हे ठरूनच गेलं. पुस्तक आलं की मावशीनं विचारायचं, त्यानं "शनिवारी" म्हणायचं आणि शनिवारी नळापाशी दोघांनी हात पुन्हा पुन्हा धुवायचे. सहा वर्षं आणि तेवीस पुस्तकं. सोमवारी मावशी तो शेवट टेबलावर सांगायची आणि त्या दिवशी सातवीपुढे अकरावीचं काही चालत नसे.

हे शेवट मी लहानपणी गोष्टी म्हणून ऐकले आहेत. फार झकास होते. त्यात खून सहसा झालेलाच नसायचा. मेला म्हणून सगळे ज्याच्यासाठी रडले, तो बहुधा शेजारच्या गावात बहिणीकडे निघायचा. आणि उलगडा नेहमी मापातून व्हायचा. खोली बाहेरून बारा फूट, आतून साडेनऊ, म्हणजे मध्ये एक माणूस उभा राहील एवढी पोकळी. गळा आवळायला दोरी साडेतीन हात लागते, ही तर अडीचच हात, तेव्हा गळा आवळलेलाच नाही. कुणी पुस्तकं विकत घेऊन ताडून बघायची शक्यता नव्हती. शेवट कळलेलं रहस्य कोण वाचतं? एकदा चौथीचा दीर म्हणाला होता की त्यानं वाचलेल्या पुस्तकात असं काही नाही. बायांनी त्याला वेड्यात काढलं. अर्धवट वाचलं असेल मेल्यानं.

चोविसावं पुस्तक बोगद्याचं. मावशीच्या सातव्या फर्म्यात एक बाई आगगाडीत बसते, गाडी बोगद्यात शिरते आणि बाहेर येते तेव्हा बाईची जागा रिकामी. हा फर्मा तिला अजून शब्दन् शब्द पाठ आहे. त्या शनिवारी नळापाशी मास्तरनं शेवट सांगितला नाही. म्हणाला, "मी हे काम सोडतोय. पलीकडच्या शहरात मोठा छापखाना आहे, तिथं लागलोय. राहायला दोन खोल्या मिळणार आहेत." मग बराच वेळ नळ चालूच राहिला. मग म्हणाला, "तुम्ही या तिकडे. कायमच्या. मग सांगतो बोगद्याचा शेवट."

मागणी घालायची ही तऱ्हा. पण मावशीला ती पुरली. आमच्या आजोबांना पुरली नाही. कटिंग करणाऱ्याला मुलगी द्यायची नाही, असं म्हणून त्यांनी विषय मिटवला. मास्तर निघून गेला.

मावशीनं नंतर लग्न केलं नाही. ती आमच्याकडेच राहिली आणि टेबलावर सातवीच्या जागेवर अट्ठावन्नाव्या वर्षापर्यंत बसली. बोगद्याचं पुस्तक तिनं कधी वाचलं नाही. वाचनालयात ते होतं. मी कॉलेजात असताना एकदा घेऊन आले, तर तिनं ते उचलून दाराबाहेर चपलांपाशी ठेवलं. "तो शेवट मला एका माणसानं सांगायचा आहे," म्हणाली. मी चिडून म्हटलं, "आणि त्यानं नाही सांगितला तर?" ती म्हणाली, "तर नाही." वर्षानुवर्षं एक बाई एका शेवटासाठी हपापलेली राहते आणि हात लांब करून घेत नाही, हे मला तेव्हा शुद्ध खुळेपणाचं वाटायचं. खरं सांगायचं तर रागच यायचा.

मग गेल्या महिन्यात त्या कादंबऱ्यांवरची मालिका टीव्हीवर सुरू झाली. दर शुक्रवारी एक गोष्ट. पहिली होती दोन छत्र्यांची. मावशी खुर्ची पुढे ओढून बसली आणि प्रत्येक माणूस पडद्यावर आला की "हा चौथ्या फर्म्यातला", "ही नवव्यातली" म्हणून ओळख करून देत होती. शेवटी खुनी म्हणून डॉक्टरच्या भावाला बेड्या पडल्या आणि मावशी कडाडली.

"हे काय करून ठेवलं मेल्यांनी! तो भाऊ कशाला मारेल? छत्रीची दांडी तीन बोटं आखूड होती ना, त्यात चिठ्ठी होती! शेवटच फिरवला!"

तिचा जीव शांत व्हावा म्हणून मी दुसऱ्या दिवशी पुस्तक आणलं. पानं एकशेसत्त्याहत्तर ते एकशेचौऱ्याऐंशी. खुनी डॉक्टरचा भाऊ. छत्रीच्या दांडीचा उल्लेखही नाही. मी मुकाट्यानं आणखी तीन पुस्तकं आणली. तिन्हीचे शेवट वेगळे, आणि मास्तरच्या शेवटांपुढे, माझं मत विचाराल तर, अगदीच पाणचट आमटी.

"थट्टा केली त्यानं," मावशी म्हणाली. "सहा वर्षं माझी थट्टा केली. आणि मी सोमवारी ती सगळ्यांना वाटत होते."

दोन दिवस ती कुणाशी बोलली नाही. घरातली भांडी मात्र फार बोलत होती. तिसऱ्या दिवशी दुपारी आम्ही दोघी शेंगा निवडत बसलो होतो, तेव्हा ती आपल्याशीच बोलल्यासारखं म्हणाली, "पण शनिवारच का लागायचा? कागद तर समोर असायचा."

मी पुढची शेंग उचलली.

"एकदा फळ्यावर लिहिलं होतं, उद्या कारखाना बंद. आम्ही कुणी गेलो नाही. तो एकटा गेला होता. म्हणाला, मशिनला तेल घालायला गेलो. आम्ही म्हटलं काय कामसू माणूस." तिनं एक शेंग उगाचच दोनदा मोडली. "आणि एवढ्या सगळ्यांतून मालकानं शेवटचा फर्मा त्यालाच का दिला असेल गं?"

माझ्या वर्गात अशी मुलं दरवर्षी एक-दोन तरी असतात. पुस्तक उघडं ठेवतात, पानावर बोट ठेवतात, आणि दुसरी मुलं वाचतात ते सगळ्या वर्गात जास्त लक्ष देऊन ऐकतात. ऐकलेलं असं जोडतात की आपण फसतो. मला हे ओळखायला दहा वर्षं लागली. मालकाला एक दिवस लागला असणार.

"मावशी," मी म्हटलं, "त्याला वाचता येत नव्हतं."

मालक हुशार, यात शंका नाही. शेवट फुटू नये म्हणून त्यानं तो कारखान्यातल्या एकुलत्या एक निरक्षर माणसाच्या हवाली केला होता. आणि तो माणूस अकरा बायांच्या अकरा फर्म्यांवर कान देऊन बसायचा आणि शनिवारपर्यंत बारावा स्वतःच्या पदरचा घालायचा. कारण सातवीनं विचारलं होतं. माझ्या मनात हे सगळं धडाधड उलगडत गेलं आणि मी हसत मावशीकडे बघितलं, तर तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"मग पत्र?" ती म्हणाली.

"कुठलं पत्र?"

मास्तर गेल्यावर महिन्यानं, आजोबांना न सांगता, मावशीनं त्याच्या नव्या छापखान्याच्या पत्त्यावर पत्र लिहिलं होतं. तेही तिला पाठ होतं. तिनं मला ते म्हणून दाखवलं. "रविवारी दहाच्या गाडीनं येते. स्टँडवर न्यायला या. शेवटच्या गाडीपर्यंत थांबेन. नाही आलात तर काय ते समजेन आणि पुन्हा विचारणार नाही." आणि ती गेली होती. सगळे कपडे पिशवीत भरून गेली होती आणि दिवसभर त्या स्टँडवर उभी राहून परत आली होती.

मला तो रविवार आठवतो. मी सहा वर्षांची होते. सकाळी मावशीनं तिची आरशाची पेटी मला देऊन टाकली होती, "तुला ठेव" म्हणून. संध्याकाळी परत आली आणि म्हणाली, "दे गं ती पेटी." मी रडून गोंधळ घातला होता. दिलेली वस्तू परत घेणारी माणसं वाईट, असं मी बरेच दिवस सगळ्यांना सांगत फिरले. तिनं माझ्याकडून काय परत मागितलं होतं हे मला कळायला सदतीस वर्षं लागली.

"तो आला नाही, म्हणजे त्याचं मन फिरलं, असं मी धरून चालले," मावशी म्हणाली. "इतकी वर्षं धरून चालले गं मी."

मी म्हटलं, आपण त्याला शोधू. ती म्हणाली, या वयात लोकांच्या दारात जाऊन उभं राहायचं म्हणजे हसं. मी म्हटलं, बरं. त्याच संध्याकाळी टीव्हीवर जाहिरात लागली. येत्या शुक्रवारी, बोगद्यातून नाहीशी झालेली बाई. मावशीनं उठून टीव्ही बंद केला.

"शुक्रवारच्या आत जायला हवं," ती म्हणाली. "नाहीतर बाजारात कुणीतरी बोलून टाकेल."

जुन्या मालकाच्या सुनेला फोन केला, तिनं आणखी दोन ठिकाणी केले, आणि पत्ता लागला. मास्तर त्याच शहरात होता, त्याच छापखान्याच्या गल्लीत. बायको चार वर्षांपूर्वी गेली. लेकीचं वह्या-कागदांचं दुकान आणि वर घर. बुधवारी आम्ही दहाच्या गाडीनं निघालो. मावशीच्या पर्समध्ये बोगद्याचं नवीन छापलेलं पुस्तक होतं. ते का घेतेस विचारलं तर मावशी म्हणाली, "असू दे."

स्टँडवर उतरल्यावर ती चौकशीच्या खिडकीशेजारच्या खांबापाशी जाऊन थांबली. "इथं. तेव्हा हे बाकडं नव्हतं." तिथून छापखान्याच्या गल्लीत आम्ही चालत गेलो. मी घड्याळात वेळ बघून ठेवली होती. सात मिनिटं लागली, आणि मावशीचा गुडघा दुखतो म्हणून सात. तेव्हा पाच लागली असती. मला कुणाच्या तरी अंगावर ओरडावंसं वाटत होतं, पण गल्लीत फक्त एक सायकलवाला होता.

लेक चौतिशीची, मोकळ्या स्वभावाची. आम्ही बाबांच्या जुन्या कारखान्यातल्या, म्हटल्यावर तिनं आम्हाला दुकानातच खुर्च्या दिल्या. बाबा आंघोळीला गेले होते. ती बोलत सुटली.

"बाबा माझ्याबरोबर वाचायला शिकले, माहितेय? मी पहिलीत गेले तर रोज पाटी घेऊन शेजारी बसायचे. आई हसायची, म्हणायची घरात दोन पोरं शाळेत. मी दुसरीत गेले आणि जोडाक्षरं आली, तेव्हा एकदा कुठला तरी जुना कागद घेऊन आले. सगळा तळहातानं झाकला आणि एकच शब्द दाखवला. 'हे काय आहे गं?' मी वाचलं, 'स्टँडवर.' मग ते कागद घेऊन आत गेले. त्या दिवशी जेवलेच नाहीत. मला किती दिवस वाटायचं, मी चुकीचं सांगितलं."

"बरोबर सांगितलंस," मावशी म्हणाली.

लेकीला काही कळलं नाही. ती चहा ठेवायला वर गेली आणि मागोमाग आम्हीही.

मास्तर खिडकीपाशी खुर्चीत बसला होता. केस पांढरे, अंगात धुतलेला शर्ट आणि खिशात अजूनही मोजपट्टी. त्यानं दारातच तिला ओळखलं. उठायला गेला, तर तिनं हातानंच बसा म्हटलं.

"सातवी," तो म्हणाला.

"पत्र वाचलंत," मावशी म्हणाली.

"वाचलं. उशिरा."

"किती?"

"दहा वर्षं." त्यानं गुडघ्यांवर हात ठेवले. "आलं तेव्हा नवीन होतो तिथं. कुणाला सांगणार, वाचून दाखवा म्हणून? लाज वाटायची. आणि मी म्हटलं, हो म्हणायचं असतं तर तुम्ही स्वतःच आला असता. पत्र आलं म्हणजे नाहीच असणार. नाही ऐकायला दुसऱ्याचे डोळे कशाला घ्यायचे?"

"मी आले होते."

"ते दहा वर्षांनी कळलं ना." त्याचा आवाज फाटला. "तोवर पोरगी दुसरीत होती. तिच्या आईनं माझं काय वाईट केलं होतं? काय करणार होतो मी सांगा!"

लेक चहा ठेवून गेली. मी खाली जाते म्हणत होते, तर मावशीनं माझा हात धरून ठेवला. मग तिनं पर्समधून पुस्तक काढून त्याच्यासमोर ठेवलं. "वाचा. शेवटचा फर्मा. तुमचाच आहे."

त्यानं चष्मा लावला आणि पान एकशेसत्त्याहत्तरवर बोट ठेवून मोठ्यानं वाचायला लागला. सावकाश, शब्दाखालून बोट नेत. जोडाक्षर आलं की किंचित थांबायचा. मावशी डोळे मिटून ऐकत होती. आठ पानांना पाऊण तास लागला. आणि एवढं करून निघालं काय, तर जुळी बहीण. बोगद्यातून नाहीशी झालेल्या बाईला जुळी बहीण होती, आणि ती गार्डचे कपडे घालून उतरली. मालिका लिहिणाऱ्या त्या लेखकाला हजारो लोकांनी डोक्यावर घेतलं होतं.

"जुळी बहीण!" मावशी म्हणाली. "यासाठी मी चपलांपाशी ठेवलं होतं होय हे!"

मास्तर हसला. त्याचं हसणं खाली बघून होतं, नळापाशी असेल तसंच बहुधा.

"तुमचा सांगा," मावशी म्हणाली. "शनिवारचा."

"आता कशाला."

"मला हवाय. सदतीस वर्षं झाली. एवढंच मागायला आलेय मी, दुसरं काही नको मला."

त्यानं पुस्तक मिटलं आणि सवयीनं मोजपट्टी काढून हातात धरली.

"तुमच्याच फर्म्यात होतं सगळं," तो म्हणाला. "गाडी बोगद्यात शिरताना काय दिसलं खिडकीत? म्हणा बघू."

मावशीनं पुन्हा डोळे मिटले आणि म्हटलं, "'फाटकवाल्याला खिडकीत हिरवा कोट दिसला आणि दुसऱ्याच क्षणी गाडी अंधारात शिरली.'"

"कोट दिसला. बाई दिसली असं कुठं लिहिलंय? आणि बोगदा तिसऱ्या फर्म्यात चारशे फूट सांगितला होता. चारशे फुटांत माणूस नाहीसा होत नाही. बाई गाडीत नव्हतीच. कोट तेवढा पुढे गेला, खिडकीशी अडकवलेला. ती फलाटावरच उभी होती. कुणीतरी न्यायला येईल म्हणून. आणि सगळे शहाणे बोगदा खणत बसले. फलाटावर बघायला एकही जण गेला नाही."

खाली दुकानात कुणीतरी वह्या मागत होतं. मावशीनं डोळे उघडले. मग तिनं विचारलं, "किती वेळ उभी होती?"

"शेवटच्या गाडीपर्यंत." मास्तरनं मोजपट्टी गुंडाळली, पुन्हा सोडली. "सहाच्या."

"साडेपाचच्या," मावशी म्हणाली. "रविवारी सहाची नसायची."